खाडीत सोडायची पोथी

तुम्ही माझी फुलं कदाचित पाहिली असतील. जुन्या पुस्तकांच्या पानांची फुलं. गुलाब जास्त, मधे मधे शेवंती. वाशीच्या प्रदर्शनात लावते, बायका थांबून फोटो काढतात, ‘अय्या, ही अक्षरं खरी छापलेली आहेत?’ म्हणून बोट फिरवून बघतात. नसतील पाहिली तरी काही बिघडत नाही. पण त्यातली काही फुलं कशाची होती, ते आजवर माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला नाही. पाठच्या बहिणीला नाही — जिच्यापाशी माझं पोटात काही राहत नाही, तिलाही नाही. आणि जिला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, तिच्यापुढे मी कितीदा तोंड उघडलं आणि ‘चहा छान झालाय’ म्हणून मिटलं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगायला जमेल असं वाटतंय. बघू.

सोप्यापासून सुरुवात करते.

माझी नोकरी गेली तेव्हा आम्ही नेरूळजवळच्या शिरवण्यात राहत होतो. एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी होते, कंपनीने ऑफिस गुजरातेत हलवलं आणि मी घरी बसले. मला घरी बसायची सवय नाही. त्यात स्वभाव फटकळ. नवरा संध्याकाळी आला की त्याच्यावर चिडायचं, एवढंच काम उरलं होतं. एक दिवस रद्दीवाल्याच्या दुकानात पुस्तकांचा ढीग दिसला — गाइडं, दिवाळी अंक, पाठ सुटलेल्या कादंबऱ्या. सहज म्हणून एक घेऊन आले. पान काढलं, गोल कापलं, त्या गोलाला कडेपासून आतपर्यंत चकलीसारखी कात्री फिरवली आणि ती पट्टी बाहेरून आत गुंडाळत आणली. गुलाब झाला. अहो, खरंच झाला! त्या संध्याकाळी मी नवऱ्यावर चिडले नाही.

मग काय, चढतच गेलं. जाड पुस्तक आतून कोरून दागिन्यांची पेटी. पानं एकेक दुमडून साळिंदर. कव्हरांची घड्याळं. आजूबाजूच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज गेला — जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका, मला द्या, मी त्यांना नवा जन्म देते. नवा जन्म! असलं मला चटकन सुचतं. लोक पिशव्या भरून आणून द्यायला लागले. वर्कशॉप सुरू झाली. कुणीतरी मला ‘पुस्तकं वाचवणारी ताई’ म्हटलं आणि मी ते लगेच उचललं, कार्डावर छापूनसुद्धा घेतलं. जिच्या हातात दिवसभर कात्री, ती पुस्तकं वाचवणारी! हसू येतं ना? मला तेव्हा येत नव्हतं. मी पार हुरळून गेले होते.

खरं तर पहिली लबाडी तिथलीच. लोकांना पिवळ्या पानांची फुलं आवडतात, आणि लोक आणून देतात ती पुस्तकं पांढरीफटक. मग मी पानं चहाच्या पाण्यात भिजवून दोरीवर वाळवायची आणि ‘फार जुनं पुस्तक आहे हं हे’ म्हणून सांगायची. पण याचं मला काही वाटत नाही. सगळ्याच करतात. हे मी आधी सांगतेय ते पुढचं लांबवावं म्हणून — तुमच्या लक्षात आलंच असेल.

येते. मुद्द्यावर येते.

त्या पिशव्यांतून पोथ्याही यायला लागल्या. आपल्याकडे पोथी जुनी झाली, पानं कुरतडली, तरी ती कुणी फेकत नाही, रद्दीत तर नाहीच नाही. तांबड्या फडक्यात बांधून पाण्यात सोडायची. पण इथल्या फ्लॅटमधल्या माणसाने ते करायचं कधी आणि कुठे? मग पिशवीत तळाशी पोथी ठेवायची आणि दारात उभं राहून खालच्या आवाजात म्हणायचं, ‘ताई, ही तेवढी विसर्जन कराल ना?’ मी म्हणायची, करते की. आणि करायचीही. रिक्षाने नेरूळच्या खाडीवर जायची, चपला काढायची, हात जोडून पोथी पाण्यात सोडायची. कुणी बघायला नसायचं, तरी नीट करायची. एवढं एक माझ्या बाजूने सांगण्यासारखं आहे, म्हणून सांगून घेतलं.

आता हिरा मावशी.

आम्ही भाड्याने राहत होतो ती इमारत मावशींची. म्हणजे त्यांच्या मुलाची — पण ज्या जागेवर ती उभी होती तिथेच मावशी नवरी म्हणून आल्या होत्या. आगरी घर. कधीकाळची भातशेती, मिठागर, सगळ्याला आता सेक्टरचे नंबर पडलेत. तळमजल्यावर मावशी, त्यांचे यजमान, मुलगा आणि सून. दार दिवसभर उघडं, मावशी उंबऱ्याशी. मी जिना उतरले की ‘खाल्लंस का गो बाय?’ खाल्लं म्हटलं तरी हातावर काहीतरी यायचंच. माझी नोकरी गेली तेव्हा मी वर दार लावून रडत बसले होते. मावशी त्या दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढून आल्या, काही विचारलं नाही, शेजारी बसून माझी मेथी निवडली आणि गेल्या. माझ्या सख्ख्या माणसांना तेवढं सुचलं नव्हतं.

त्यांच्या यजमानांना सगळी आळी ‘बुवा’ म्हणायची. बुवा श्रावणात पोथी वाचायचे. रोज दिवेलागणीला हॉलमध्ये सतरंजी, चौरंगावर पोथी, बुवा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ओवी वाचणार, शेजारचे एक काका अर्थ सांगणार, आणि बायका भिंतीला टेकून ऐकणार. मीही बसलेय एक-दोनदा. अध्याय संपला की बुवा पोथीला हळद-कुंकू वाहायचे आणि जिथे थांबले त्या पानाच्या कडेला कुंकवाचं बोट टेकवायचे. उद्या कुठून सुरू करायचं, त्याची ती खूण. वर्षानुवर्षं असंच. मावशी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, अक्षर ओळखत नाहीत. पण ऐकून ऐकून पोथी त्यांना पाठ होती. बुवा कुठे अडखळले की भिंतीपासून मावशींचा आवाज यायचा, आणि बुवा मान हलवून पुढे जायचे.

बुवा गेले. पुढचा श्रावण आला, पण चौरंग काही मांडला गेला नाही. मुलाला वेळ नाही, आणि उगीच कशाला बोला, गोडीही नाही. एक दिवस मावशी पुन्हा जिने चढून माझ्या दारात. या वेळी छातीशी तांबड्या फडक्याचं गाठोडं.

‘म्हातारा गेला, आता वाचनारा कोनी नाय ऱ्हायला. घरात ठेवून वाचली नाय तर ती उपाशी ऱ्हाते गो. तू पुस्तकांची बाय हाय. तुझ्या हातानं खाडीत सोड.’

मुलगा म्हणत होता, कलशात टाकून येतो. म्हणजे निर्माल्यासाठी तलावाशी ठेवलेला तो पिंपासारखा कलश. मावशींना तिथे नको होती. आणि स्वतः जायचं तर गुडघे नाहीत आणि वाटही नाही — ज्या खाडीत त्यांनी उभ्या आयुष्यात चिंबोऱ्या धरल्या, तिच्या आड आता हायवे, पूल आणि कंपाउंडच्या भिंती. ‘आमची खाडी कंच्या अंगाला ऱ्हायली, तेच कलत नाय,’ म्हणाल्या आणि हसल्या. मीपण हसले.

दारातून वळून मात्र गंभीर झाल्या. ‘तरंगाया लागली तर काठीनं दाब, पन बुडव. बुडली म्हंजे त्यांना पोचली. आनि लगेच येऊन सांग. मी तवर जेवाची नाय.’

हे मी नीट ऐकलं होतं. कानावरून गेलं, लक्षात राहिलं नाही, असलं काही मला म्हणता यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं ठरलं होतं. मी आंघोळ केली, पोथी पिशवीत घातली, पिशवी टेबलावर ठेवली. टेबलावर माझा पसारा होताच. त्याच आठवड्यात वाशीचं मोठं प्रदर्शन होतं आणि दर्शनी दाराला लावायला माझा एक मोठा हार द्यायचा होता — गुलाबांचा, पुरुषभर उंचीचा. मी मोठ्या तोंडाने कबूल करून बसले होते. आणि श्रावणातली दमट हवा! चहात भिजवलेली पानं दोरीवर तशीच लोंबत होती, वाळायचं नाव नाही, कडेला काळी बुरशी यायला लागली होती. मला रडू फुटायचं बाकी होतं. अशात मी गाठोड्याकडे बघितलं. बघू तरी, म्हटलं. सोडायच्या आधी बघायला काय हरकत आहे?

फडकं सोडलं.

काय सांगू तुम्हाला. सुटी, आडवी, लांब पानं. शिवण नाही. जाड कागद, आणि रंग — तो रंग चहाने नाही येत कधी. काकवीसारखा. टपोरी अक्षरं, कडेने दुहेरी रेघ. आणि पानापानाच्या कडेला बुवांचं कुंकवाचं बोट, कुठे विटलेलं, कुठे अजून लालभडक. मला पोथी दिसली का? बुवा दिसले का? नाही हो. मला हार दिसला. तोंडाला पाणी सुटतं ना, तसं झालं.

वरचं एकच घेईन, असं ठरवलं. वरचं पान तसंही फाटलेलं होतं. बाकी सगळी तशीच नेऊन सोडायची. एक कापलं — आणि तो कागद असा वळला, असा वळला, की चहात भिजवलेली पानं मला चिंध्या वाटायला लागली. मग दुसरं. मग कात्री थांबली ती क्षणभर. आणि त्या क्षणी मला जो विचार आला, तो सांगण्यासाठीच खरं तर हे सगळं चाललंय.

मावशींना कुठे वाचता येतं?

हा विचार. असाच्या असा. म्हणजे काय, तर पुढे कधी हार त्यांच्या दृष्टीला पडला तरी त्या ओळखणार नाहीत. माझं काम सोपं. पोथी कापली याची लाज आहेच, पण या वाक्याची जास्त आहे. जिने माझी मेथी निवडली होती, तिचं न शिकणं मी माझ्या सोयीसाठी वापरलं. एरवी कुणी कुणाला अंगठेबहाद्दर म्हटलं तरी मी भांडणारी बाई — माझी आई चौथी शिकलेली आहे. आणि माझ्या मनात हे आलं. त्यानंतर कात्री थांबली नाही.

दुपारपर्यंत फडक्यात काही उरलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत हार झाला. इतका देखणा, की मी तो खिळ्याला टांगून लांबून बघत बसले. वर वॉर्निशचा हात मारला, वाळला, पुन्हा मारला. टिकला पाहिजे ना! आणि खाली कुणीतरी दिव्याचं बटण दाबलं, जिन्यात उजेड पडला, तेव्हा आठवलं — मावशी जेवल्या नसतील.

तशीच धावत खाली गेले. मावशी उंबऱ्याशी, भिंतीला टेकून. सून म्हणाली, ‘सकाळपासून पाण्याच्या थेंबावर आहेत, ऐकतच नाहीत.’ मावशींनी मान वर केली.

‘बुडली का गो?’

आता सांगायची ती वेळ होती. मी काय म्हटलं? म्हटलं, ‘हो मावशी. लगेच बुडाली.’ एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. म्हटलं, ‘सोडली तशी गेली. वर आलीच नाही.’ पाणी कसं होतं तेही सांगितलं. भरती होती म्हटलं. मला असलं चटकन सुचतं, म्हटलं ना मघाशी.

मावशींनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. डोळ्यांत पाणी आलं, ते पदराने पुसलं. मग माझा हात हातात घेतला आणि बघतच राहिल्या. माझ्या बोटांना लाल लागलं होतं. बुवांचं कुंकू. दमट हवेत घामेजलेल्या बोटांनी दिवसभर पानं हाताळलेली, लागणारच.

‘कुंकू लावून सोडलीस?’ म्हणाल्या. ‘शानी गो माजी बाय.’

आणि सुनेला म्हणाल्या, हिला आधी वाढ. सकाळपासून उपाशी होत्या त्या, आणि वाढलं मला आधी. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. माझ्या घशाखाली घास उतरला नाही, असं इथे लिहायला हवं, नाही का? उतरला. चांगलं झालं होतं बिरडं. मी दुसरी भाकरी मागून घेतली.

प्रदर्शनात हाराचं फार कौतुक झालं. सगळे म्हणायचे, हे मधे मधे लाल कसं काय साधलंत? मी म्हणायची, वॉटरकलर. एका बाईंनी विचारलं, हातानं टच दिलाय का? मी म्हटलं हो, बोटानेच. तेवढंच काय ते खरं बोलले, बोट माझं नव्हतं इतकंच.

हार विकायला धजले नाही. परत आणून माझ्या हॉलमध्ये टांगला. हे तरी का केलं? गुपचूप नेऊन खाडीत सोडता आला असता. पण माझ्याकडे त्याच्याइतकं सुंदर दुसरं काही नव्हतं, आणि मला तो भिंतीवर हवा होता. इतकं साधं आहे ते.

थंडीत बुवांचं वर्षश्राद्ध आलं. आमंत्रण द्यायला मावशी वर आल्या. पोथी द्यायला आल्या त्यानंतर जिने चढल्या नव्हत्या. खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि नजर भिंतीकडे गेली. उठून जवळ गेल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी एका गुलाबावरून हलकेच हात फिरवला.

‘हा मना देशील? त्यांच्या फोटोला? चंदनाचे सगलेच घालतात.’

आणि मी ‘हो’ म्हणायच्या आत त्यांनीच थांबून विचारलं, ‘देवाचा कागद नाय ना गो? मानसाच्या फोटोला चालाचा नाय.’

‘नाही हो मावशी, जुना दिवाळी अंक होता.’

‘नि हा लाल?’

‘रंग आहे.’

त्या लाल ठिपक्याकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या. दर श्रावणात रोज संध्याकाळी त्यांनी तो ठिपका लागताना पाहिला होता. ‘झ्याक दिसतंय,’ म्हणाल्या. आणि मला — अजून शरम वाटते — मला बरं वाटलं. त्यांना माझं काम आवडलं म्हणून. दुसऱ्याची ऑर्डर आहे असं सांगता आलं असतं. नवा करून देते म्हणता आलं असतं. मी खुर्चीवर चढून हार काढला आणि त्यांच्या हातात दिला.

तेव्हापासून तो बुवांच्या गळ्यात. मुलाने फोटो काढला, सुनेने स्टेटसला ठेवला. दोघांनाही उत्तम वाचता येतं, पण हाराकडे वाचायला कोण बघतं? मावशी रोज संध्याकाळी त्याच्यापुढे उदबत्ती लावायच्या, आणि श्रावणात — हे मी जिन्यात उभं राहून ऐकलंय — त्याच्यापुढे बसून ओव्या म्हणायच्या. पाठच होत्या. आलेल्या-गेलेल्याला माझ्याकडे बोट करून सांगायच्या, ‘हिनं दिला हार. हिनंच त्यांची पोथी सोडली.’ मी मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, बाई किती साधी आहे.

पुढे आम्ही खाडीपलीकडे उलव्याला फ्लॅट घेतला. मोठा आहे, उजेड आहे, हे सगळं खरं. पण नवरा जागा बघत होता तेव्हा ‘शिरवण्यातच बघू या ना’ म्हणाला होता, आणि मीच घर डोक्यावर घेतलं होतं. मला त्या उंबऱ्यावरून जाणं नको झालं होतं. नवऱ्याला आजही वाटतं, मला खाडीची हवा आवडते.

गेल्या महिन्यात मावशींच्या सुनेचा फोन आला. आई आठवण काढतात, येऊन जा. गेले. मावशी आता पलंगावरच असतात, हात-पाय काड्या झालेत, पण मला बघून पहिला प्रश्न तोच — खाल्लंस का? उशाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला हार होता. धुराने काळवंडलेला, कडा झिजलेल्या. नवा प्लास्टिकच्या फुलांचा हार फोटोला घातला होता.

‘जुना जाला. पन त्यांच्या गल्यातला हाय, कचऱ्यात नाय टाकाचा. तूच सोड. पोथी सोडलीस तसा.’

सून चहा टाकायला आत गेली होती. खोलीत आम्ही दोघीच. माझा हात त्यांच्या हातात. याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती, पुढेही मिळणार नाही, हे मला त्याच क्षणी कळत होतं. मी म्हटलं, ‘मावशी —’ त्यांनी ‘काय गो?’ म्हणून बघितलं. इतक्या मायेने बघितलं. मी म्हटलं, ‘उद्या सकाळीच सोडते.’

‘बुडला की फोन कर. मी तवर जेवाची नाय.’

या वेळी मी कुठेही थांबले नाही. पसारा नाही, टेबल नाही, घरातून निघाले ती थेट नेरूळच्या खाडीवर. चपला काढल्या. हात जोडले. हार पाण्यात सोडला.

तो तरंगला.

तरंगणारच होता. वॉर्निशचे हात मीच मारले होते, एकावर एक, टिकावा म्हणून. थोडा आत गेला आणि पाण्याबरोबर वळून परत काठाला आला. मी काठी शोधली, दाबला. काठी उचलली की वर. दगड घेतला, पदराची दशी फाडून बांधला, टाकला — हाराचा दोरा तुटला, दगड खाली गेला आणि गुलाब सुटे होऊन पसरले. तिवरांच्या मुळ्यांत, थर्माकोलच्या तुकड्यांत, गुटख्याच्या पुड्यांत. एक माझ्या पायाशी येऊन थांबला. त्याच्या पाकळीवर अर्धी ओवी होती आणि कडेला ते बोट, तितकंच लाल.

फोन वाजला. सुनेचा नंबर, आवाज मावशींचा. बारीक झालेला.

‘बुडला का गो?’

मी म्हटलं, ‘हो मावशी.’

‘लगेच?’

‘लगेच.’

‘मग जेवते आता,’ म्हणाल्या. लांबून सुनेला सांगत असल्याचं ऐकू आलं, वाढ म्हणून.

म्हातारी बाई उपाशी होती, तिने जेवावं म्हणून खोटं बोलले, असं म्हणता येईल. मी तसं म्हणत नाही. ती जेवावी म्हणून नाही बोलले. मी घाबरले, म्हणून बोलले. पहिल्या वेळीही तेच, मधल्या वेळीही तेच.

मावशी अजून आहेत. उलव्याहून शिरवणं काही लांब नाही. मी गेलेले नाही.

त्या दिवशी गुलाब काठालाच होते. मी चपला घातल्या आणि रिक्षा बघायला रस्त्यावर आले.